कोहीरर : टिचकी मारल्याशिवाय न विसरणारी नळी

प्रॉडक्शनवर काहीतरी विचित्र घडतं, दोघातिघांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि लॉग उघडून बघावा तर रिकामा! आमच्या धंद्यात याच्याइतकं चिडचिड करणारं दुसरं काही नाही. गंमत म्हणजे रेडिओच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या सिग्नलचंही असंच झालंय. आणि त्याचं कारण आहे बोटभर लांबीचं एक यंत्र... कोहीरर.

१८९० साली पॅरिसमध्ये एदुआर ब्रानली या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की काचेच्या नळीत धातूचा कीस सैलसर भरला तर त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. पण आसपास विजेची ठिणगी उडाली, की तोच कीस वीज वाहू देतो. आणि ठिणगी विझली तरी वाहू देतच राहतो! नळीला टिचकी मारली की पुन्हा पहिले पाढे. इंग्लंडात ऑलिव्हर लॉजने १८९४ मध्ये हर्ट्झच्या लहरी पकडायला हीच नळी वापरली. कण एकमेकांना चिकटतात म्हणून तिला नाव दिलं कोहीरर.

म्हणजे बघा, ही एका बिटची मेमरी झाली. लहर आली की १, आणि ० करायला टिचकी. पण टिचकी मारायला दर वेळी माणूस कुठून आणायचा? रशियात पोपोवने १८९५ मध्ये झकास तोड काढली. लहर आली की घंटीचा टोला घंटीवर आपटायचा आणि परत येताना नळीवर. रिसेट आपोआप! मार्कोनीने पुढे नळी छोटी केली, आतली हवा काढली, निकेलच्या किसात थोडी चांदी मिसळली आणि मागे मोर्सचं छपाई यंत्र जोडलं. आलेला प्रत्येक ठिपका आणि रेघ कागदी पट्टीवर उमटायची. हा झाला लॉग.

पण या नळीच्या मर्यादा मोठ्या होत्या. टिचक्या मारमारून वेग मिळायचा मिनिटाला फार तर १२-१५ शब्द. दूर आकाशात वीज चमकली तरी बिचारी "सिग्नल आला" म्हणून सांगायची. आणि फक्त हो-नाही कळत असल्यामुळे माणसाचा आवाज पकडणं तर अशक्यच.

इथे आपले जगदीशचंद्र बोस येतात. १८९९ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे टिचकी न लागणारा कोहीरर मांडला. लोखंड, पारा आणि मध्ये तेलाचा पातळ थर. लहर गेली की हा आपला आपण मूळ पदावर. मात्र सिग्नल ऐकायचा कानाला टेलिफोन लावून.

आता १२ डिसेंबर १९०१. न्यूफाउंडलंडमधली सिग्नल हिल. पतंगाला बांधलेली तार वाऱ्यात वरखाली होतेय, त्यामुळे ट्यून केलेला रिसीव्हर कामाचा नाही. मार्कोनीने टेलिफोन आणि पाऱ्याचा कोहीरर घेतला. तो त्याला इटालियन नौदलातल्या सोलारीने दिला होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास अटलांटिकपलीकडच्या पोल्डूहून आलेले तीन ठिपके (मोर्समधला एस) त्याला ऐकू आले. मदतनीस केम्पनेही ऐकले. बस्स! कागदाची पट्टी नाही. दोन माणसांचे कान, एवढाच पुरावा.

लोकांनी शंका घेतल्या. म्हणून मार्कोनी फेब्रुवारी १९०२ मध्ये 'फिलाडेल्फिया' जहाजावर जुना किसाचा कोहीरर आणि छपाई यंत्र घेऊन चढला. पट्ट्यांवर कप्तानाची सही घेतली. रात्री १५०० मैलांवरून पूर्ण संदेश आले, एस तर २००० मैलांपलीकडूनही. पण दिवसा? ७०० मैलांपर्यंतच! आणि सिग्नल हिलवर तर भर दुपार होती. ज्या लॉगने शंका मिटायच्या, त्यानेच त्या वाढवल्या. त्या दिवशी खरंच एस आला की नुसती खरखर ऐकू आली, यावर जाणकार अजून भांडतात.

श्रेयाचा वाद वेगळाच. सोलारीच्या यंत्राचं मूळ बोसांच्या शोधात आहे, असं प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये आयईईईच्या प्रोसीडिंग्जमध्ये सविस्तर मांडलं. मला ते पटतं. बोसांचा निबंध दोन वर्षं आधी छापलेला होता, म्हणजे निदान त्यांच्या बाजूने लॉग आहे!

असो. पुढे चुंबकी डिटेक्टर, क्रिस्टल आणि व्हॉल्व आले आणि दहाएक वर्षांत कोहीरर अडगळीत गेला. कीस नक्की का चिकटतो, यावर भौतिकशास्त्रज्ञ २००५ सालीही प्रयोग करून निबंध लिहीत होते. तोवर त्या नळीने जग जोडून दाखवलं होतं, आतलं गणित कुणालाच नीट माहीत नसताना. चालणारा कोड कसा चालतो ते न कळणं हे आपल्यालाही नवीन नाहीच. फक्त लॉग ठेवा, मंडळी!