कॉलेज सोडून भरतीला

जबलपूरच्या राइट टाउन स्टेडियमवर किंवा रानीतालच्या मैदानावर संध्याकाळी घाम गाळणाऱ्या पोरांना ‘पुढे काय?’ असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: ट्रायल. रेल्वेची, पोलिसांची, नाहीतर फौजेची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला मुलगा ट्रायलमध्ये निवडला गेला की घरी पेढे येतात आणि आळीत बातमी होते, ‘पोरगा रेल्वेत लागला’. त्याच्या कॉलेजचं काय झालं, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

अमेरिकेत कॉलेज अर्धवट सोडून बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघांकडे जाणाऱ्या मुलांवरून अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. आपल्याकडची वाट त्याहून जुनी आहे, आणि तिचा एक धागा जबलपूरमधून जातो.

8 सप्टेंबर 1908 रोजी जबलपूरला रूपसिंग यांचा जन्म झाला. वडील समेश्वरसिंग इंग्रजांच्या फौजेत होते, त्यामुळे बदल्यांवर बदल्या. या बदल्यांपायी थोरला भाऊ ध्यानचंद यांची शाळा सहा इयत्तांतच सुटली. 1922 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते दिल्लीला पहिल्या ब्राह्मण पलटणीत शिपाई म्हणून भरती झाले. हॉकी त्यांना खऱ्या अर्थाने पलटणीतच भेटली. 1926 साली फौजेचा संघ न्यूझीलंडला गेला, 21 पैकी 18 सामने जिंकून परतला, आणि शिपाई ध्यानचंद लान्स नायक झाले. खेळावर बढती मिळते, हे पलटणीत तेव्हाच रुजलं होतं. रूपसिंग पुढे ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत गेले. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला 24-1 असं हरवलं, त्यातले 10 गोल या जबलपूरला जन्मलेल्या माणसाचे होते.

फौजेनंतर रेल्वे. 1870 साली मुंबईहून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुलाचा रूळ आणि कलकत्त्याकडून आलेला ईस्ट इंडियनचा रूळ जबलपूरला एकमेकांना मिळाले. रेल्वे वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत इन्स्टिट्यूट आल्या, आणि त्यांच्या मैदानांवर अँग्लो-इंडियन कुटुंबांतली मुलं हॉकी खेळत वाढली. आमच्याच मध्य प्रांतात, बिलासपूरला जन्मलेले लेस्ली क्लॉडियस 1946 साली खडगपूरच्या मैदानावर हॉकी संघात ओढले गेले, तेव्हा ते 19 वर्षांचे होते. पुढे चार ऑलिंपिक, तीन सुवर्णपदकं, एक रौप्य. रेल्वेने खेळासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केलं ते 1928 साली. त्यानंतर रेल्वेचा संघ म्हणजे देशातल्या गुणी पोरांचं ठाणं झालं. खेळायचं रेल्वेसाठी, पगार रेल्वेचा, आणि खेळ संपल्यावरही नोकरी कायम.

ही शेवटची अट आई-बापांना सगळ्यांत मोलाची वाटते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांना पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची जागा मिळायला 1955 उजाडलं. ऑलिंपिकवीराला तीन वर्षं थांबावं लागलं हे ज्या पिढीने पाहिलं, तिने हातात आलेलं नेमणूकपत्र सोडू नये, हेच मुलांना शिकवलं.

1980 च्या 4 ऑगस्टला केंद्र सरकारने खेळाडूंच्या नेमणुकांचा आदेश काढला आणि ही चालत आलेली रीत कागदावर आली. त्यात देशाकडून किंवा राज्याकडून खेळलेल्यांबरोबर आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेले खेळाडूही पात्र ठरले. म्हणजे विद्यापीठाचा ब्लेझर ही नोकरीची पायरी झाली. ती पायरी चढल्यावर पदवीची निकड उरली नाही. कॉलेज अर्धवट सोडण्याचं मूळ मला इथे दिसतं. मुलांच्या उतावीळपणाला दोष देणं सोपं आहे, पण ही वाट मोठ्यांनी आखली आहे.

अमेरिकेतल्या वाटेचं मूळ घरच्या गरिबीत आहे. तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, म्हणजे आजच्या एनबीएने, 1947 साली ‘ड्राफ्ट’ सुरू केला: कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे. पुढे नियम असा झाला की शाळा सुटल्यावर चार वर्षं पूर्ण होईपर्यंत कुणाला घ्यायचं नाही. विल्ट चेंबरलेनसारखा खेळाडू 1958 साली कॉलेजला रामराम ठोकून निघाला, तरी एनबीएची दारं बंदच होती. ते वर्ष त्याने हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या फिरत्या संघाबरोबर काढलं.

ही भिंत पाडली स्पेन्सर हेवूडने. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतात राबणाऱ्या मजूर आईचा हा मुलगा. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये 19 व्या वर्षी सुवर्ण जिंकून तो डेट्रॉइटच्या विद्यापीठात गेला, आणि 1969 साली ते सोडून प्रतिस्पर्धी लीगच्या डेन्व्हर संघात दाखल झाला. त्या लीगने घरची हलाखी हे कारण मान्य करून सवलत दिली होती. पुढे एनबीएतल्या सिएटलच्या संघाने त्याला करारबद्ध केलं, तेव्हा एनबीएने चार वर्षांचा नियम पुढे केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. 1 मार्च 1971 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेवूडला खेळू देणारा मनाई हुकूम पुन्हा लागू केला. मग एनबीएनेही घरची गरज सिद्ध करणाऱ्यांना वाट मोकळी केली. 1976 साली तो पुरावा मागणंही बंद झालं. पुढे शाळेतून थेट येणारी मुलं वाढली, केव्हिन गार्नेट 1995 साली आला, कोबी ब्रायंट 1996 साली. 2006 च्या ड्राफ्टपासून 19 वर्षं वयाची अट लागली आणि अमेरिकन मुलांना शाळेनंतर निदान एक वर्ष थांबणं भाग पडलं. मुलं एक वर्ष कॉलेजला जाऊन निघू लागली, ती याच अटीमुळे. 2015 साली पंजाबच्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा 52 व्या क्रमांकावर डॅलसने निवडला, एनबीए ड्राफ्टमधला तो पहिला भारतीय. कॉलेजात तो गेलाच नाही. हेवूडला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं तेही त्याच वर्षी.

पैशांचं म्हणाल तर दोन्ही वाटांची तुलनाच नाही. तरी एका गोष्टीत जबलपूरचा पोरगा पुढे आहे. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा करार काही वर्षांचा असतो, गुडघा गेला की तोही गेला. रेल्वेतला खेळाडू गुडघा गेल्यावर कार्यालयात बसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2015 साली मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला, तेव्हा विशीत येत होता. 2024 साली पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्य जिंकलं. मधली नऊ वर्षं त्याच्या पाठीशी पगार होता. जबलपूर विभागही 2003 पर्यंत याच मध्य रेल्वेत होता, आता पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालयच इथे आहे.

पण या पद्धतीत एक मोठी खोट आहे. रेल्वेच्या खेळाडू भरतीत वय 18 ते 25, त्यात सवलत नाही. 100 पैकी 50 गुण खेळातल्या कामगिरीचे, 40 ट्रायलचे, शिक्षणाचे फक्त 10. बारावी पास असला की कनिष्ठ श्रेणी मिळते, वरच्या श्रेणीसाठी पदवी लागते. विसाव्या वर्षी घाई केलेला मुलगा पुढे या पदवीपाशीच अडतो, आणि तोवर त्याच्या बरोबरीचे पदवीधर वर गेलेले असतात.

म्हणून जबलपूरच्या आई-बापांना माझं सांगणं आहे. नेमणूकपत्र आलं तर मुलाला खुशाल पाठवा, घर चालवायची गरज खरी आहे आणि तिची लाज बाळगू नका. पण त्याच आठवड्यात त्याचं नाव मुक्त विद्यापीठात घाला. इग्नूचं प्रादेशिक केंद्र जबलपूरमध्येच आहे.