अवधाण

भाची नांदेडला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीत लातूरला आली तेव्हा ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक सोबत घेऊन आली आणि जाताना इथेच विसरली. फोन केला तर म्हणाली, "राहू दे मामा, पीडीएफ आहे." (आमच्या वेळी पुस्तक हरवलं तर घरी जेवण बंद व्हायचं. असो.)

मी काही डॉक्टर नाही, पण पुस्तक घरात पडलंय म्हटल्यावर हात जाणारच. उघडलं ते नेमकं कटिराच्या प्रकरणावर. कटिर म्हणजे ओटीपोटाच्या खालचं ते हाडांचं खोलगट भांडं. त्यात लाल-निळ्या रक्तवाहिन्या, पिवळे मज्जातंतू आणि त्यांच्या कडेकडेने हिरव्या मण्यांसारख्या लसिकाग्रंथी काढल्या होत्या. चित्र बघता बघता आजी आठवली.

पायाला काटा मोडून तो चिघळला की जांघेत दुखरी गाठ यायची. आजी गाठीकडे बघायचीच नाही, आधी पाय बघायची. "अवधाण आलंय, पायाला काय लागलंय दाखव." आजीला शाळा माहीत नव्हती, पण पायातली घाण कुठल्या तरी वाटेने वर चढते आणि जांघेत अडते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लसिकावाहिन्यांचं काम तरी वेगळं काय आहे? पेशींमधलं पाणी गोळा करायचं, वाटेतल्या गाठींमध्ये गाळायचं आणि परत रक्तात सोडायचं.

पण चित्रात नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. पायाची वाट जांघेतून जाते, गर्भाशयाच्या तोंडाची नाही. तिथल्या लसिकावाहिन्या आतल्या आत, कटिराच्या भिंतीलगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांशेजारच्या गाठींकडे जातात आणि तिथून वर कमरेच्या मणक्यांपुढे, महारोहिणीच्या बाजूला. हात लावून कळेल असं अवधाण तिथे येत नाही. आजीला ते सापडलं नसतं.

आणि तिला ते सापडलं नाहीच. आत्याच्या वेळची गोष्ट सांगतोय, १९९१ ची.

आत्याची पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि अंगावरून परत जायला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? दुखत तर काहीच नव्हतं. मग कंबर धरली, डावी मांडी ठणकायला लागली, पाय सुजला. घरात सगळ्यांनी वात म्हणून लसणाचं तेल चोळलं. मीही चोळलंय. आज ते चित्र समोर ठेवलं की कळतं. कटिराच्या भिंतीवरून पायाकडे जाणारे जाड मज्जातंतू आहेत, त्यांच्यावर दाब आला म्हणून मांडी ठणकत होती. नीला आणि लसिकावाहिन्या दबल्या, म्हणून पाय सुजला. गर्भाशयाची रोहिणी मूत्रनलिकेला जिथे वरून ओलांडते ती जागा गर्भाशयाच्या तोंडापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर आहे. कॅन्सर तिथवर पसरला की मूत्रनलिका दबते आणि वरचं मूत्रपिंड तुंबतं. तेल चोळण्याच्या कितीतरी आधीच ही सगळी वाटचाल झालेली होती.

लातूरहून बार्शीला छोट्या गाडीने नेलं. (ती नॅरोगेज गाडी गेली, आता तिथे ब्रॉडगेज आहे.) कॅन्सर हॉस्पिटलमध्ये शेक दिले, थोडा आराम पडला आणि पुढच्या वर्षी आत्या गेली.

या वाटेचा पाठलाग करणाऱ्यांचाही एक इतिहास आहे. व्हिएन्नात अर्न्स्ट वेर्टहाइम या डॉक्टरांनी १८९८ साली ओटीपोट उघडून गर्भाशयाबरोबर आजूबाजूच्या पेशीजालाचा मोठा भाग आणि सुजलेल्या गाठीही काढायला सुरुवात केली. रोग ज्या वाटेने जातो ती वाटच खणून काढायची, असा विचार. सुरुवातीच्या २९ शस्त्रक्रियांमध्ये सुमारे ३८ टक्के बायका दगावल्या. तेव्हा ना अँटिबायोटिक, ना रक्त देण्याची धड सोय. पुढे हे प्रमाण बरंच खाली आलं. पण वाचलेल्या बायकांना दुसरा त्रास होता. मूत्राशयाकडे जाणारे बारीक मज्जातंतू त्याच पेशीजालातून जातात आणि तेही कापले जायचे, मग लघवीची जाणीवच नीट राहायची नाही. ते तंतू ओळखून वाचवायचं काम जपानी डॉक्टरांनी केलं. टोकियोच्या ताकाशी कोबायाशींचं नाव त्यात घेतात, १९६१ च्या सुमाराचं.

मला यातलं कौशल्य थक्क करणारं वाटतं, पण आत्याच्या गावाला त्याचा काय उपयोग? आमच्याकडच्या बायका डॉक्टरांपुढे जायच्या तेव्हा बहुतेकींचा रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असायचा.

आमच्याकडचा इतिहास म्हणून वेगळा आहे आणि तो शेजारीच घडला. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांची. माणसं गावोगाव फिरून कुणाला काय झालंय ते विचारायची आणि विचारता विचारता लक्षणंही सांगायची. नुसत्या या सांगण्यानेच बायका लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या, असं १९९५ मध्ये त्यांनी छापलं. मला हे पुढच्या सगळ्याहून मोठं वाटतं.

मग आली उस्मानाबाद जिल्ह्यातली (आताचा धाराशिव) मोठी चाचणी. लातूर १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात होतं, म्हणजे घरचीच गोष्ट. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ ते २००३ मध्ये ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांची नोंद केली. गावांचे ५२ गट पाडले. (बावन्न म्हटलं की आम्हाला किल्लारीच्या भूकंपानंतर नव्याने वसवलेली गावं आठवतात. हा निव्वळ योगायोग.) चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट वाटले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, एकात पॅप, एकात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं आणि चौथ्या भागात काहीच नाही.

२००९ साली निकाल आले. विषाणूची तपासणी झालेल्या भागात ३४,१२६ बायकांमध्ये ३४ मृत्यू झाले होते. काहीच न केलेल्या भागात ३१,४८८ मध्ये ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, कारण हा रोग लसिकावाहिन्यांच्या तोंडाशी पोचायला दहा-दहा वर्षं घेतो आणि त्याआधीच त्याला गाठता येतं. तपासणीत विषाणू सापडला नाही अशी एकही बाई त्या काळात या रोगाने गेली नाही. पॅपने आणि ॲसिडने मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसला नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूची तपासणीच आधी करा असं जगाला सांगितलं, त्यामागे आमच्या या जिल्ह्यातल्या बायाही आहेत.

आणि ते ६४? त्या बायकांना हॉस्पिटलात तपासून घेता येतं एवढं सांगितलं होतं, तपासलं नव्हतं. यावरून २०१४ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये कडक टीका झाली. करणाऱ्यांचं म्हणणं, देशात तेव्हा तपासणीची योजनाच नव्हती, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलं नाही, आणि तुलनेशिवाय कुणाला पटलंही नसतं. दोन्ही बाजू वाचल्या. हिशोबाची बाजू मला पटते. पण दरवर्षी नोंदवहीत नाव तपासायला येणारा माणूस आणि त्याच्यासमोर उंबऱ्यात बसलेली, कुठं दुखत नाही म्हणणारी बाई डोळ्यांपुढे आली की पटलेलं परत निसटतं. हा गुंता मला सुटलेला नाही.

मावशीचं गाव त्या जिल्ह्यात आहे. तिला शाळेत भरलेला कॅम्प आठवतो, पण नेमकं काय तपासलं ते नाही. माझ्या आजोळी मात्र असा कॅम्प कुणालाच आठवत नाही. ते गाव चौथ्या भागात होतं की चाचणीतच नव्हतं, ते सांगायला आता कुणी नाही.

म्हणून परवा आजोळी मामीला फोन केला. ती तेव्हा पस्तिशीची असेल. अजून एकदाही तपासलेलं नाही. म्हणाली, "मला काय झालंय? कुठं दुखत बी नाही."

येत्या सोमवारी तिला घेऊन जातोय. भाचीलाही यायला सांगितलंय. पुस्तकही घेऊन जाईल.