मुळातील पांढरी पूड

इ. स. १८०४ मध्ये बर्लिनच्या व्हॅलेंटिन रोझ या औषधिविक्रेत्या रसायनज्ञाने एलिकँपेनच्या मुळ्यांचा काढा केला आणि तो निवत ठेवला. काही तासांनी तळाशी पांढरी पूड बसली. छातीच्या विकारांवर ही मुळी युरोपात शतकानुशतके चालत आलेली. आपले पुष्करमूळ तिचेच भावंड. वैद्यांचे लक्ष मुळीच्या कडवटपणाकडे व उग्र दर्पाकडे. ही पूड मात्र वनस्पतीने स्वतःच्या निर्वाहासाठी साठविलेले अन्न होते.

दिसायला पिठूळ, तरी ते पिष्ट नव्हे. आयोडिनाने पिष्ट निळे होते; ही पूड काही केल्या निळी होईना. पुढे तिला ‘इन्युलिन’ हे नाव मिळाले. १८६४ मध्ये ज्यूलियस झाक्स याने मद्यार्कात ठेवलेल्या कापांत तिचे गोलाकार स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्फटिक दिसले खरे, पण प्रमाण कळेना. अम्लाने पुडीची फलशर्करा करून ती मोजण्याची रीत रुळली, तेव्हा कोठे आकडे हाती आले. शरदात खणलेल्या, वाळविलेल्या मुळीत इन्युलिन शेकडा ४० च्या आसपासही भरते. वसंतात पुष्कळच कमी, कारण नवे कोंभ त्यावरच पोसतात. तेव्हा मुळी कोणत्या ऋतूतली हे न सांगता दिलेला आकडा कवडीमोल!

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत होमर स्मिथ प्रभृतींनी हीच पूड शिरेवाटे देऊन मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती मोजली. रक्तात गेलेली ही पूड शरीर पचवीत नाही, मूत्रपिंड ती परत शोषीत नाही. गाळली जाईल तेवढीच मूत्रात उतरते.