खलीनाची कुळकथा: गुळगुळीत आणि काटेरी

घोड्याच्या तोंडात आडव्या बसणाऱ्या धातूच्या दांडीला मराठीत वाद्यांसकट सरसकट ‘लगाम’ म्हटले जात असले, तरी संस्कृतात तिला ‘खलीन’ असे स्वतंत्र नाव आहे. अमरकोशात ते ‘कविका’ या शब्दाबरोबर येते आणि त्याचे मूळ ग्रीक ‘खालिनोस’मध्ये असल्याचे मानले जाते. ‘लगाम’ हा शब्द फारसी, तेव्हा उत्तम घोड्यांप्रमाणे त्यांना आवरण्याच्या साधनाची नावेही पश्चिमेकडून आली.

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या जबड्यात जी दात नसलेली मोकळी जागा असते, तेथे खलीन टेकते, आणि त्या हिरडीखाली लगेच हाड असल्यामुळे हलकी ओढही जनावराला जाणवते. सौम्य आणि कडक हा भेद या जागेवर किती व कसा दाब पडतो यावरून ठरतो. कडकपणा ही नंतरची विकृती आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण उरल पर्वताच्या आग्नेयेकडील सिंताश्ता संस्कृतीच्या दफनांत सापडलेल्या, इ.स.पू. सुमारे २००० च्या हाडी गालचकत्यांनाही आतल्या बाजूने काटे आहेत.

दोहोंतून निवड कशी करावी याचा सविस्तर विचार इ.स.पू. चौथ्या शतकात झेनोफोन या ग्रीक लेखकाच्या अश्वविद्येवरील ग्रंथात आढळतो. स्वाराजवळ किमान दोन खलीने असावीत, एक गुळगुळीत, बेताच्या आकाराच्या चकत्यांचे आणि दुसरे जड चकत्यांचे व काटेरी, असे तो सांगतो. काटेरी खलीन दातांत पकडून धरणे घोड्याला नकोसे होते, तो ते सोडून देतो, आणि पुढे गुळगुळीत खलीन मिळाले की जे काटेरीवर शिकला तेच त्यावर सुखाने करतो. म्हणजे काटा त्याच्या लेखी तालमीपुरता होता, रोजच्या स्वारीसाठी नव्हे. त्याहून मार्मिक आहे ते त्याचे लवचीकतेविषयीचे निरीक्षण: ताठ दांडी घोडा सबंध जबड्यात धरून ठेवतो, पण सांधे असलेले खलीन साखळीसारखे वळत असल्याने एक भाग पकडला तरी दुसरा निसटतो आणि त्याला धरून बसता येत नाही.

पुढे कडकपणाचे स्वरूपच पालटले. केल्टिक लोकांकडे आढळणाऱ्या व रोमनांनी उचललेल्या तरफेच्या खलीनात दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या आणि हनुवटीखालून पट्टी वा साखळी असते. दांडीचा तोंडाखालचा भाग १० सेंटिमीटर व वरचा ५ असेल, तर साखळीवर हातातील ओढीच्या सुमारे दुप्पट ताण येतो. काटा नसूनही असे खलीन कठोर ठरू शकते, आणि काटा डोळ्यांना दिसतो तशी तरफ दिसत नाही. नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोनेच्या १५५० च्या अश्वारोहणग्रंथात अशा खलीनांची चित्रेच छापलेली आहेत.

भारतात १९६५ च्या ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांविषयीच्या क्रूरताप्रतिबंधक नियमांनी काटेरी खलीन निषिद्ध केले. काटे, गाठी व टोके यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, तरफेच्या दांडीच्या लांबीचा नाही.