टँगचा चारा

माशांबद्दलची माझी माहिती बहुतेक ताटापुरतीच. कोकणी घरात वाढलेल्या माणसाला सुरमई आणि बांगड्यातला फरक सांगावा लागत नाही. पण मासा जगवायचा कसा, हे आम्हांला कधी कुणी शिकवलं नाही. त्यामुळे भाच्याने काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्याचे मासे पाळले आणि त्यातला सगळ्यांत देखणा मासा सुकायला लागला, तेव्हा त्याने फोन मला का केला, हे कोडंच आहे. ‘मामू, खातो तर पोटभर. तरी पोट आत गेलंय. डोक्यावर बारीक खड्डेही पडलेत.’

मासा होता पिवळा टँग. हळदीच्या रंगाचा, बशीसारखा चपटा, हवाई बेटांभोवतीच्या प्रवाळांत थव्याने राहणारा. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, म्हणून या कुळाला सर्जन मासे म्हणतात. तोंड मात्र लहानसं, पुढे आलेलं. खडकावरचं शेवाळ खुडायला बनलेलं. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत हा चरत असतो, अगदी शेळीसारखा. आणि भाचा त्याला दोन वेळा लाडाने कोळंबी घालत होता! शेळीला चाऱ्याऐवजी खिमा घालण्यातला प्रकार. डोक्यावरच्या खड्ड्यांची कारणं अनेक सांगतात. निकस आहार हे त्यातलं एक.

दुकानदाराने उपाय सांगितला : नोरी द्या. मीठ, तेल, मसाला न लावलेली. तुकडा चिमट्याने काचेला लावून ठेवा, तो दिवसभर कुरतडत राहील. भाच्याचं काम झालं. माझ्या डोक्यात मात्र ‘नोरी’ हा शब्द अडकला. शब्दांचा नाद वाईट. त्याच्या मागे जाता जाता मी थेट जपानला आणि तिथून मँचेस्टरला पोहोचलो.

नोरी म्हणजे समुद्रातलं तांबूस शेवाळ, कागदासारखं पातळ थापून वाळवलेलं. जपानी लोक त्यात भात गुंडाळून खातात. एदो म्हणजे आजच्या तोक्योच्या खाडीत काही शतकं त्याची शेती चालत होती. शेती तरी कसली? शरद ऋतूत उथळ पाण्यात बांबू, झाडांच्या फांद्या रोवायच्या, पुढे जाळी बांधायची आणि वाट पाहायची. बी कुठून येतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात पीक यायचं, उन्हाळ्यात शेवाळ नाहीसं व्हायचं. एखाद्या वर्षी घर भरायचं, एखाद्या वर्षी फांद्या कोऱ्या. लोक त्याला जुगाऱ्याचं गवत म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर तर हे पीक पार बसलं आणि किनाऱ्यावरची कुटुंबं हवालदिल झाली.

कोडं सुटलं ते इंग्लंडात. कॅथलीन ड्रू ही 1901 साली लँकशायरमध्ये जन्मलेली बाई मँचेस्टर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. 1928 साली तिने सहकारी हेन्री राइट-बेकर यांच्याशी लग्न केलं आणि नोकरी गेली. विवाहित स्त्रीला नोकरीवर ठेवायचं नाही, असा त्या विद्यापीठाचा नियम! पुढे तिला संशोधकाचं मानद पद मिळालं. पगार नाही, प्रयोगशाळा मात्र आहे. श्रोतेहो, या ‘मानद’ शब्दाची मला नेहमीच धास्ती वाटत आली आहे. कवींच्या वाट्याला तो फार येतो.

ब्रिटनच्या किनाऱ्यावर नोरीची चुलत बहीण उगवते. ड्रू त्या शेवाळाचा अभ्यास करत होती. शिंपल्यांच्या कवचात वाढणारे गुलाबी धागे तोवर एक वेगळीच जात समजले जात. त्यांना ‘काँकोसेलिस’ असं स्वतंत्र नावही होतं. ड्रूने दाखवून दिलं की हे धागे म्हणजे त्याच शेवाळाची दुसरी अवस्था. उन्हाळ्यात नाहीसं होणारं पीक कुठे जात नव्हतं, शिंपल्यात दडून बसत होतं. 1949 साली तिचा छोटासा लेख ‘नेचर’मध्ये आला. क्युशू विद्यापीठातल्या सोकिची सेगावा यांनी त्याचं मोल ओळखलं. जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर बी वाढवून जाळ्यांवर धरायची रीत बसवली आणि जुगाराची शेती झाली.

ड्रू 1957 साली वारली. जपान तिने कधी पाहिला नाही. 1963 साली कुमामोतो भागातल्या उतो गावी, आरिआके समुद्राकडे तोंड करून, तिचं स्मारक उभं राहिलं. दरवर्षी 14 एप्रिलला नोरी पिकवणारे तिथे जमतात. तिला ते ‘समुद्राची आई’ म्हणतात.

टँगच्या इतिहासातही अडलं ते चाऱ्यापाशीच. हा मासा बंदिस्त पाण्यात अंडी घालायचा, पिलंही फुटायची; पण त्यांच्या इवल्या तोंडात मावेल असं जिवंत अन्न मिळेना, आणि ती मरून जात. कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जीवांची पिलं खायला घालून 2015 साली हवाईतल्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटने पिवळा टँग पहिल्यांदा टाकीत वाढवून दाखवला. तोवर घरोघरच्या टाक्यांतला एकूण एक पिवळा टँग समुद्रातून धरून आणलेला असे. भाच्याकडचा कुठला, ते दुकानदाराला सांगता आलं नाही.

त्याचं पोट महिनाभरात भरून आलं. डोक्यावरचे खड्डे उथळ झाले आहेत, व्रण आहेत. परवा टाकीसमोर बसलो होतो. चिमट्यातला तुकडा संपला तरी तो रिकाम्या चिमट्याला टोचत होता.