वंशावळीचा अभ्यास : नाणेघाटापासून टपाली शाळेपर्यंत

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावर जें लेणें आहे, त्याच्या मागील भिंतीवर एके काळीं राजघराण्यांतील माणसांच्या प्रतिमा उभ्या होत्या. आज त्या प्रतिमा नाहींत. कोठें पावलांच्या खुणा उरल्या आहेत, आणि वर ब्राह्मी लिपींत कोरलेलीं नांवें आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुश्री आणि कुमार सातवाहन. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची ही ओळ म्हणजे महाराष्ट्रांतील पहिली वंशावळ, असें म्हणण्याचा मोह कोणासही होईल. परंतु बारकाईनें पाहिलें असतां ती वंशावळ नव्हे. तींत नांवें आहेत, पदव्या आहेत. कोण कोणाचा पुत्र हें मात्र कोठेंच सांगितलेलें नाहीं. सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण गादीवर आला व सातकर्णी हा कृष्णाचा मुलगा, असें पुराणें सांगतात. येथें तर कृष्णाची प्रतिमाच नाहीं. तेव्हां सातकर्णी हा सिमुकाचाच पुत्र असला पाहिजे, असें कित्येक पंडितांनीं ठरविलें. महारठी हा राणीचा पिता, हेंही अनुमानच. भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानानें ज्या लेखांवर श्रम केले आणि ब्यूलरनें जे १८८३ सालीं छापून प्रसिद्ध केले, त्यांवरील वाद अद्यापि मिटलेला नाहीं. नांव सांपडणें निराळें आणि नातें सिद्ध होणें निराळें, हा या शास्त्राचा पहिला धडा होय. (राणीचें नांव येथें राजाच्या बरोबरीनें कोरलेलें आहे, पुढील काळच्या बहुतेक वंशावळींत लेकीसुनांस जागाच उरली नाहीं, हें जातां जातां सांगितलें पाहिजे.)

मराठेशाहींत नातें सिद्ध करण्याची गरज मुख्यतः वतनामुळें पडे. पाटीलकीचा किंवा देशमुखीचा तंटा गोतापुढें गेला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापला करिना सांगत, मूळ पुरुषापासून पिढ्या मोजीत, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. वतन जिंकावयाचें असल्यामुळें आपली पिढी वाढविण्याचा व भाऊबंदाची गाळण्याचा मोहही त्या कागदांत भरपूर आढळतो. राजवाड्यांनीं १८९८ पासून असले कागद छापण्यास आरंभ केला, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. घराण्यांचा इतिहास त्यामुळें भाटांच्या तोंडून सुटून कागदावर आला.

कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, पाटील वतनें १९६२ च्या कायद्यानें गेलीं; वंशावळ मात्र राहिली. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांत महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. तेथील मुलास जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यावयाची असेल, तर प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लिहून द्यावी लागते, आणि अनुसूचित जमातीसाठीं ६ सप्टेंबर १९५० पूर्वींचा पुरावा मोलाचा ठरतो. पणजोबा कधीं शाळेंत गेलेच नसतील, तर शाळेच्या नोंदवहींत त्यांचें नांव कोठून येणार? मग आधार राहतो तो कोतवाल बुकाचा, म्हणजे जन्ममृत्यूच्या गांव नमुना १४ चा. त्या जुन्या नोंदी पुष्कळदां मोडींत आहेत. त्यांतून आंबेगांवची गोष्ट निराळी. ज्या गांवावरून तालुक्यास नांव पडलें, तें मूळ गांवच घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. कचेरी घोडेगांवास आहे, आणि धरणानें उठविलेलीं माणसें इतस्ततः पांगलीं. शेजारी पांगले म्हणजे नातें सांगणारी साक्षही पांगते. पुढें २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं सरकारनें समिती नेमली, तेव्हां मोडी वाचणारांची किती वाण आहे हें साऱ्या महाराष्ट्रास कळून आलें.

ही विद्या शिकावी कोठें? इंग्लंडांत कँटरबरी येथें १९६१ सालीं वंशशास्त्राची संस्था निघाली आणि तिनें टपालानें धडे पाठविण्याची पद्धत चालविली. ग्लासगोकडील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठानेंही हा विषय दूरशिक्षणानें पदव्युत्तर पायरीपर्यंत नेला. त्यांची शिस्त आपणांकडे घेण्याजोगी आहे : प्रत्येक नात्यास पुरावा, आणि ज्ञात पिढीकडून अज्ञात पिढीकडे एकेक पाऊल मागें जाणें. परंतु त्यांचीं साधनें येथें चालत नाहींत. १५३८ पासून तेथें प्रत्येक चर्चमध्यें बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांची वही ठेवण्याचा हुकूम होता. सह्याद्रीच्या वाडीवस्तींत तसें कांहीं नव्हतें. येथील विद्यार्थ्यास आधीं मोडी आली पाहिजे. तिचे वर्ग पुण्याचें मंडळ चालवितें, शासनाचें पुराभिलेख खातेंही चालवितें. मुळाक्षरें घरबसल्या गिरवितां येतात. पण बोरू न उचलतां लिहिलेली, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नसलेली ओळ जाणत्याच्या शेजारीं बसूनच वाचावी लागते.

त्यानंतर काळगणना. शुहूर सनाचे आंकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात, सलास म्हणजे तीन, खमस म्हणजे पांच. त्या सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. फसली सनांत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. दोहोंचीही वर्षें मृगाच्या सुमारास पालटतात, म्हणून हा एका वर्षाचा फरक. मृगाच्या अलीकडचा कागद पलीकडचा समजला, तर मुलगा बापाच्या मृत्यूनंतर वर्षानें जन्मल्यासारखा दिसूं लागतो. आणखी एक घोटाळा नेहमींचा. आजोबाचें नांव नातवास ठेवण्याची चाल असल्यामुळें 'खंडू बिन राघू' आणि त्याचा मुलगा 'राघू बिन खंडू' ही जोडी दर दोन पिढ्यांनीं पुन्हा उभी राहते. 'बिन' काय आणि 'वलद' काय, दोहोंचा अर्थ अमक्याचा पुत्र इतकाच. आडनांव बहुधा नसतेंच. घाईनें वाचणारा दोन राघूंचा एक राघू करतो आणि मधल्या दोन पिढ्या नाहींशा होतात. अशा वेळीं नोंदीचा सन, गांवाचें नांव आणि जमिनीच्या तुकड्याचें वर्णन हीं तिन्ही ताडून पाहावीं लागतात, आणि त्यांतील एक जरी जुळलें नाहीं, तरी त्या जागीं रेघ न ओढतां ती मोकळी सोडावी लागते.