चारचौघांत केलेली शिक्षा

माजी विद्यार्थ्यांच्या कुठल्याही मेळाव्यात तासाभरात शिक्षेचा विषय निघतोच. कोणाला कोणत्या गुरुजींनी अंगठे धरायला लावले, कोणाला बाकावर उभे केले, कोणाच्या कानाला कसा पीळ बसला, या आठवणी रंगतात आणि शेवट ठरलेला असतो: तेव्हा ते झाले म्हणून आज आम्ही इथे आहोत. शिक्षकांच्या खोलीत हेच मत वेगळ्या सुरात ऐकू येते. आता मुलांना हात लावायची सोय राहिली नाही, निदान चारचौघांत दोन शब्द सुनवायची तरी मुभा हवी. पालकांचाही दुजोरा असतो. 'सर, खुशाल कान उपटा, आमची तक्रार नाही,' असे सांगणारा बाप शाळेच्या फाटकात आजही भेटतो.

हे मत दुष्टाव्यातून आलेले नाही. त्यामागे मुलांची काळजी आहे, परंपरेचा दाखला आहे आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसांचा अनुभव आहे. म्हणून त्याचे खंडन करायचे तर त्याची बळकट बाजूच समोर घेतली पाहिजे. मुलाला इतरांदेखत हिणवणे क्रूर आहे, हे तर आहेच. पण माझा मुख्य आक्षेप त्याच्याही पुढचा आहे. शाळेचे सगळे काम मुलांच्या चुका उघड्यावर येण्यावर चालते, आणि अपमानाची शिक्षा मुलांना चुका लपवायला शिकवते. म्हणजे ही शिक्षा शाळेच्या मुळावरच येते.

आधी परंपरेचे पाहू. चाणक्याच्या नावावर चालणारे एक सुभाषित लाडात दोष आणि ताडनात गुण पाहते, आणि ते आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ आहे. पतंजलीच्या महाभाष्यात उदात्ताच्या जागी अनुदात्त उच्चारणाऱ्या शिष्याला चपराक देणारा खंडिकोपाध्याय भेटतो. परंपरेत मार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. गौतम धर्मसूत्र सांगते की शिष्याला मारू नये. दुसरा इलाजच उरला नाही तर बारीक दोरी किंवा वेळूची बारीक काडी वापरावी. आणि याखेरीज कशाने मारले तर राजाने त्या गुरूला शासन करावे. आपस्तंबाने सांगितलेले दंड म्हणजे धाक, उपवास, पाण्यात स्नान आणि शिष्याला आपल्या दृष्टीआड करणे, तेही तो चुकीपासून परतेपर्यंतच. मनुस्मृतीचा आठवा अध्याय शिष्याला दोरीने वा वेळूने पाठीवर मारायची परवानगी देतो, पण दुसरा अध्याय शिकवणाऱ्याला अहिंसेने आणि मधुर वाणीने शिकवायला सांगतो.

मला हे ग्रंथ प्रमाण म्हणून नकोत. ज्यांना अध्ययनाचा अधिकारच नाकारला त्यांच्याशी ही परंपरा कशी वागली, हे विसरता येत नाही. मुद्दा एवढाच की दंडाच्या या नियमांत गुरूच्या हातालाही मर्यादा घातलेली आहे, आणि बाकीच्या शिष्यांना बघ्यांसारखे बसवून एकाची शोभा करण्याचे नाव त्यांत नाही. आपण सुभाषित पाठ केले आणि सूत्रे सोडून दिली.

आता अनुभव. 'मी तीस वर्षे शिकवतोय. शाबासकी दिली की पोरे शेफारतात आणि खरडपट्टी काढली की दुसऱ्या दिवशी सुधारतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.' असे सांगणारा शिक्षक खोटे बोलत नाही. त्याने ते खरेच पाहिलेले असते.

पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांसमोर बोलत असताना एका प्रशिक्षकाने अगदी हेच ऐकवले. कॅडेटने उत्तम कसरत केली आणि शाबासकी दिली, की पुढची कसरत बिघडते. वाईट केली आणि खडसावले, की पुढची सुधारते. कानेमानने जमिनीवर एक खूण केली आणि प्रत्येकाला खुणेकडे पाठ करून, न पाहता, लागोपाठ दोन नाणी मागे टाकायला लावली. ज्यांचे पहिले नाणे खुणेच्या अगदी जवळ पडले होते त्यांतल्या बहुतेकांचे दुसरे लांब गेले, आणि ज्यांचे पहिले फार लांब गेले होते त्यांचे दुसरे जवळ आले. कोणी कोणाला शाबासकी दिली नव्हती, कोणी ओरडले नव्हते. प्रत्येक कामगिरीत थोडा भाग त्या दिवसाच्या योगायोगाचा असतो. फारच वाईट दिवसानंतर येणारा दिवस बहुधा बरा असतो आणि फारच चांगल्या दिवसानंतरचा थोडा उतरता.

हे आपल्या वर्गाला लावून पाहा. शुद्धलेखनात दहापैकी दोन गुण मिळालेल्या मुलाला गुरुजी सगळ्यांसमोर उभे करतात. पुढच्या आठवड्यात त्याला पाच मिळतात. गुरुजींना शिक्षा लागू पडलेली दिसते. ज्या मुलीचे दहापैकी दहा म्हणून कौतुक केले तिला पुढच्या वेळी आठ मिळतात, आणि कौतुक अंगाशी आलेले दिसते. दोन्ही वेळा आकडे आपल्या नेहमीच्या जागी परत निघालेले असतात. पण शिक्षकाला जन्मभर त्यातून एकच धडा मिळत राहतो: हिणवले की फळ मिळते. प्रामाणिक माणूस चुकीच्या पद्धतीवर इतका ठाम कसा राहतो, याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. म्हणूनच 'अनुभव' एवढाच पुरावा इथे पुरत नाही.

शिक्षेचा परिणाम खरोखर झाला तरीही प्रश्न उरतो. टॉलस्टॉय फार्मवर एका दांडगट, खोटे बोलणाऱ्या मुलाला गांधींनी रागाच्या भरात रुळाचा तडाखा दिला. मारताना त्यांचा स्वतःचाच हात कापत होता. मुलगा रडला, त्याने क्षमा मागितली आणि पुढे त्यांचे ऐकूही लागला. शिक्षेचे समर्थक इथेच थांबले असते. गांधी आत्मकथेत थांबत नाहीत. त्या दिवशी मुलाला आपल्यातले पशुत्व दिसले, याची खंत त्यांना पुढेही राहिली, आणि मुलगा वठणीवर आला म्हणून कृत्य योग्य ठरले, असा हिशेब त्यांनी मांडला नाही.

आता मूळ आक्षेपाकडे. तिसरीच्या वर्गात एक मुलगी फळ्यापाशी आहे. फळ्यावर ५०३ वजा २६७. ती खडूने ३६४ लिहिते. बाकांवर खसखस पिकते. शिक्षकाला राग येणे साहजिक आहे, कारण हातच्याची वजाबाकी आठवडाभर चालू आहे. 'अक्कल कुठे गहाण टाकलीस?' हे वाक्य ओठांवर तयारच असते, आणि ते उच्चारले की वर्ग मोकळेपणी हसतो.

पण त्या ३६४ कडे नीट पाहिले तर ते उत्तर वेडेवाकडे नाही. तिने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे: सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. तिच्या डोक्यात एक नियम आहे, तो तिने तिन्ही घरांत चोख पाळला आहे, आणि तो नियम चुकीचा आहे. शिक्षकाला याहून मोलाची माहिती दुसरी कोणती मिळणार? दशकाच्या घरात शून्य असताना शतक मोडावे लागते ही गोष्ट तिला पोचलेली नाही, हे तिने खडूने लिहून दाखवले आहे. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यात तोच नियम असू शकतो.

हिणवल्यानंतर ती मुलगी वजाबाकी शिकत नाही. ती शेजारणीच्या वहीत डोकावायला शिकते. 'समजले का?' या प्रश्नाला मान हलवायला शिकते. आणि हे एकटी तीच शिकत नाही, तिच्या वाट्याला काय आले हे बाकांवरून पाहणारा सगळा वर्ग शिकतो. उद्या शिक्षक विचारतील, 'कोणाला काही अडचण?' तेव्हा कोणीही हात वर करणार नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला तो वर्ग शिस्तीचा वाटेल. मला त्या शांततेची भीती वाटते. जिथे न येणे हा गुन्हा ठरतो, तिथे न येणे दिसेनासे होते. ते दिसेनासे झाले की शिक्षकाच्या हातात शिकवण्याजोगे काही उरत नाही.

यावर एक अधिक विचारी आक्षेप येतो. तो असा की शरम हवीच. ज्याला कशाचीच शरम नाही तो माणूस समाजाला नको असतो. मग शाळेने ती जागवली तर बिघडले कुठे? ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात याचे बरेच काटेकोर उत्तर दिले आहे. ज्यात कृत्याचा निषेध होतो आणि माणसाला परत आपल्यात घेतले जाते, ती शरम गुन्हा कमी करते. ज्यात माणसावरच शिक्का बसतो, ती त्याला आपल्यासारख्याच शिक्के बसलेल्यांच्या टोळीत ढकलते. 'तू त्याचा डबा फेकलास, हे वाईट केलेस, आता त्याची माफी माग आणि तुझ्या डब्यातले त्याला दे' हे पहिल्या जातीचे. गळ्यात पाटी अडकवून वर्गावर्गातून फिरवणे हे दुसऱ्या. मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी पाचवीतल्या मुलांचा तारुण्यापर्यंत मागोवा घेतला. आपण चूक केली ही बोच ज्यांना लागत होती ती मुले पुढे सावरलेली आढळली. आपणच वाईट आहोत ही भावना ज्यांच्यात प्रबळ होती ती पुढे शाळेतून निलंबन आणि व्यसने यांकडे जास्त वळलेली दिसली. ज्यांच्यासाठी कडक शिक्षेचा आग्रह धरला जातो ती दांडगट मुले अपमानाने निर्ढावतात, आणि जी भित्री असतात ती मिटून जातात.

हा अपमान सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, हेही बोलले पाहिजे. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शाळेतल्या दिवसांबद्दल लिहून ठेवले आहे: वर्गात वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसायचे, तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय प्यायचे नाही. ती कुठल्या चुकीची शिक्षा नव्हती. शाळेला अपमान करता येतो आणि तो कोणाचा करायचा हे गावाची उतरंड ठरवते, एवढे त्यातून कळते. आज फी थकलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले जाते तेव्हा दंड बापाच्या तंगीला होतो आणि उन्हात उभे मूल राहते. गृहपाठ न केलेल्यांची नावे पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली जातात. ज्या घरात अभ्यास घ्यायला कोणी नाही त्याच घराचे नाव तिथे वारंवार झळकते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतील ६,६३२ मुलांना विचारले, तेव्हा आपल्याला कसलीच शिक्षा झाली नाही म्हणणारी फक्त ९ निघाली. ८१.२ टक्के मुलांना, तुला शिकता येणारच नाही, असे ऐकवले गेले होते. माझ्या दृष्टीने त्या अहवालातला हा आकडा छडीच्या आकड्यांपेक्षा भयंकर आहे.

मेळाव्यात 'आम्ही घडलो' म्हणणारे घडले, हे खरेच. पण शाळा सुटून ज्यांची गाठ पुन्हा शाळेशी पडली नाही ते मेळाव्याला येत नाहीत. चौथीत नाव कमी झालेल्याची आठवण स्मरणिकेत छापली जात नाही. जे उरले त्यांच्यावरून पद्धत जोखली तर ती नेहमीच यशस्वी दिसेल. शिवाय टिळकांच्या शेंगांची गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना अभिमानाने सांगतो. तिचा नायक न केलेल्या चुकीसाठी सगळ्यांबरोबर मान खाली घालायला नकार देणारा मुलगा आहे. आपल्या वर्गात तसे उत्तर देणाऱ्याला काय मिळते, याचा शिक्षकांनी एकदा विचार करावा.

डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी काम उभे केले तेव्हा मुले गुरांमागे रानात असत, म्हणून शाळाच कुरणावर गेली. ज्या मुलाला उद्या परत यायची सक्ती नाही त्याला हिणवून शिकवता येत नाही, हे तिथे आपोआप सिद्ध होते. सक्तीने बसलेल्या मुलाच्या बाबतीत आपण हा विचार सोडतो, कारण ते जाऊ शकत नाही.

कायद्याचे बोलायचे तर तो स्पष्ट आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २००० रोजी दिल्लीच्या शाळा-नियमांतली छडीची तरतूद रद्द केली. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेच्या जोडीने मानसिक छळालाही मनाई केली. तेव्हा 'मार बंद, निदान अपमान तरी' ही वाट कायद्यातही नाही.

शिक्षकांची एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. कायद्याने छडी काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच दिले नाही. त्याच कायद्यात प्राथमिकला ३० आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. एका खोलीत साठ मुले आणि दोन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंना त्या आकड्याचा काय उपयोग? जनगणना आणि निवडणुकीची कामे कायद्यानेच त्यांच्या गळ्यात घातली आहेत. भांडणारी दोन मुले बाजूला घेऊन बोलायचे तर तेवढा वेळ बाकीच्यांकडे कोण पाहणार? आणि तपासणीला आलेला अधिकारी मुलांसमोरच बाईंना 'एवढेही जमत नाही का?' म्हणून झापतो, तेव्हा वर्गाला शिस्तीचा कोणता नमुना मिळतो? १७वे कलम मुलांपुरते आहे. शिक्षकाला त्याच्या विद्यार्थ्यांदेखत बोल लावता येणार नाही, असा नियम शिक्षण खात्याने स्वतःसाठी करावा, आणि शिक्षक संघटनांनी पगाराच्या मागण्यांइतक्याच जोराने तो मागावा.